प्रोग्राम सगळ्यांचे, कागद ज्याचे त्याचे

जून लागला की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या सेवा केंद्रांसमोर दोन रांगा एकमेकींत मिसळतात. एक दाखल्यांची: दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, उत्पन्नाचा दाखला हवा, जातीचा हवा, रहिवासी हवा, नॉन-क्रिमीलेअर हवं. दुसरी शेतकऱ्यांची: सात-बारा, आठ-अ, पीक विमा, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. मुखेडला जा, किनवटला जा, निलंगा-औशाला जा, आतलं चित्र फारसं बदलत नाही. संगणक एक, फार तर दोन. त्यावर बसणारे तीन-चार: केंद्रचालक, त्याचा भाऊ, कामाला ठेवलेला एखादा मुलगा किंवा मुलगी, आणि गर्दीच्या दिवसांत मदतीला आलेला भाचा. संगणक चालू केला की थेट डेस्कटॉप उघडतो. पासवर्ड असलाच तर तो खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक. डेस्कटॉपवर ‘स्कॅन’ नावाचा फोल्डर, शेजारी ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’. त्यांत शेकडो माणसांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, सह्या, अंगठे, रेशन कार्डं आणि अलीकडे वंशावळी. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली, कुणाला किती अनुदान आलं, हे सगळं त्या एका फोल्डरमध्ये मांडून ठेवलेलं असतं.

एका यंत्रावर अनेकांनी काम करायचं, तर दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. लागणारे प्रोग्राम प्रत्येकाला मिळाले पाहिजेत आणि एकाचे कागद दुसऱ्याला दिसता कामा नयेत. यावरचा उपाय, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं युजर अकाउंट, संगणकशास्त्राला साठ वर्षांहून जुना आहे. त्याला वेगळा पैसाही लागत नाही. तरीही आपल्या केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत, आडत दुकानांत आणि घरांत तो का रुजला नाही, आणि रुजवायचा तर नेमकं काय करावं लागेल, याचा हा आढावा.

सुरुवात अमेरिकेत एमआयटीत झाली. तिथे १९६१ मध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली गेली. संगणक एक आणि त्याला जोडलेल्या टर्मिनलवर एकाच वेळी अनेक माणसं. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिथे पासवर्ड आला. १९६६ मध्ये तिथे एक घोटाळा झाला, तो आपल्या केंद्रचालकांनी मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. मजकूर दुरुस्त करणारा तिथला प्रोग्राम एका माणसाचा एक कप्पा धरून लिहिलेला होता. तात्पुरत्या फाइलला तो दर वेळी एकच ठरावीक नाव द्यायचा. व्यवस्थापकांचा कप्पा मात्र एकापेक्षा जास्त जण वापरत होते. एके दिवशी एक जण रोजची सूचना दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डांची यादी. दोन्ही तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि त्यानंतर जो कुणी लॉगिन करेल त्याच्यासमोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. यात चोर कुणी नव्हता. एकाच खात्यात दोन माणसांनी काम करणं एवढंच कारण पुरलं. मुखेडच्या केंद्रात एकाची उत्पन्न दाखल्याची फाइल दुसऱ्याच्या अर्जाला जोडली जाते, तेव्हा चुकीची जात तीच असते: दोघांनीही स्कॅनला ‘१.पीडीएफ’ हे नाव दिलेलं असतं.

पुढे युनिक्सने हा विचार पक्का केला. प्रत्येक फाइलला मालक, प्रत्येक फाइलवर वाचण्याचे, लिहिण्याचे आणि चालवण्याचे वेगळे हक्क. घरगुती संगणक मात्र दुसऱ्याच वाटेने वाढले. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये लॉगिनची चौकट यायची, पण एस्केप दाबलं की माणूस आत. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांनी आणि दुकानांनी संगणक पहिल्यांदा हाताळला तो याच काळात किंवा लगेच नंतर. २००१ मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आलं. एक्सपीमध्ये वेगवेगळी खाती खऱ्या अर्थाने होती, पण घरच्या संगणकावर तयार होणारं खातं सर्वाधिकारी असायचं आणि त्याला पासवर्ड सक्तीचा नव्हता. एका अख्ख्या पिढीला संगणक म्हणजे उघडं दार अशीच सवय लागली. नंतर व्हिस्टाने २००७ पासून ‘हा बदल करू द्यायचा का?’ असं विचारायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी न वाचता ‘येस’ दाबायची सवय लावून घेतली. आजच्या अडचणीचं मूळ मला यंत्रापेक्षा या सवयीत दिसतं.

आता यंत्राकडे. विंडोजची रचना जुन्या वाड्यासारखी समजावी: ओसरी सगळ्यांची, खोली ज्याची त्याची. ‘प्रोग्राम फाइल्स’ ही ओसरी. तिथे बसवलेला प्रोग्राम प्रत्येक खात्यातून चालतो. ‘युजर्स’ फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या नावाची खोली असते. तिच्यात त्याचा डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स. साध्या खात्यातून दुसऱ्याची खोली उघडत नाही. शिवाय ‘पब्लिक’ नावाचा एक फोल्डर असतो, तो मुद्दाम सगळ्यांसाठी. कोऱ्या अर्जांचे नमुने, स्वयंघोषणापत्राचा मसुदा, केंद्राचा दरफलक, असं जे खरोखर सामायिक आहे ते तिथे ठेवावं. एवढं कळलं तर निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं बारकाव्यांत आहे, आणि लोक कंटाळून पुन्हा एका खात्यावर येतात ते या बारकाव्यांमुळेच. पहिला फॉन्टचा. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास छपाईची कामं करणाऱ्या दुकानात लग्नपत्रिका आणि बॅनर अजूनही मोठ्या प्रमाणावर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत होतात. मालक उत्साहाने ऑपरेटरसाठी नवं खातं काढतो. ऑपरेटर कालची पत्रिका उघडतो, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. फाइल खराब झाली असं वाटून सगळे घाबरतात. फाइल जागेवर ठीकच असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबलं, तर तो त्या एकाच खात्यापुरता बसतो. फॉन्टवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडलं, तरच तो सगळ्यांना मिळतो. दोन क्लिकचा हा फरक माहीत नसल्याने ‘वेगळं खातं काढलं की फॉन्ट उडतात’ अशी समजूत होते आणि नवं खातं पुसलं जातं.

मराठी कीबोर्डचंही तसंच. इनस्क्रिप्टची निवड प्रत्येक खात्यात स्वतंत्र करावी लागते. काही प्रोग्राम बसवताना ‘फक्त माझ्यासाठी की सर्वांसाठी’ असं विचारतात. घाईत पहिला पर्याय दाबला जातो आणि दुसऱ्या खात्यात प्रोग्राम दिसत नाही. क्रोम आणि झूमसारखे काही तर विचारतही नाहीत. परवानगी नसली तर क्रोम चालू खात्याच्या खोलीतच बसतं. यूएसबीने जोडलेला प्रिंटर सगळ्या खात्यांना दिसतो, पण शेजारच्या संगणकावरून नेटवर्कने घेतलेला प्रिंटर प्रत्येक खात्यात पुन्हा जोडावा लागतो. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस मात्र यंत्राच्या पातळीवर चालते, तिला खात्याशी देणंघेणं नाही. सर्वाधिकारी खात्यातून एकदा नीट बसून ही सगळी मांडामांड केली, तर एखादी दुपार जाते. त्यानंतर प्रत्येक खात्यात सगळं मिळतं.

दुसरा बारकावा खासगीपणाचा आहे, आणि तो सगळ्यांत कमी लोकांना ठाऊक आहे. आपल्याकडे संगणक विकणारा हार्ड डिस्कचे भाग पाडून देतो आणि सांगतो, ‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला ठेवा, विंडोज उडालं तरी राहील.’ सल्ला विंडोज उडण्यापुरता बरोबर आहे. पण खोल्यांच्या भिंती फक्त ‘सी’मधल्या ‘युजर्स’ फोल्डरला आहेत. नव्याने फॉरमॅट केलेल्या डी ड्राइव्हवर त्या यंत्रावरच्या प्रत्येक खात्याला वाचायची आणि बदलायचीही मुभा आपोआप मिळते. म्हणजे तीन वेगळी खाती, तीन वेगळे पासवर्ड, आणि सगळ्यांचे कागद डी ड्राइव्हवर, अशा संगणकात खासगी काहीच नाही. पेन ड्राइव्हचं तर विचारूच नये. त्यांच्या नेहमीच्या एफएटी३२ किंवा एक्सएफएटी रचनेत फाइलला मालक ही कल्पनाच नाही. खाती वेगळी करायची असतील, तर आधी डी ड्राइव्हवरचे फोल्डर ज्याच्या त्याच्या खोलीत न्यावेत, किंवा त्या फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये जाऊन हक्क बदलावेत.

तिसरा बारकावा मालकाचा. ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं आहे, त्याला प्रत्येक खोली उघडते. ‘तुम्हाला परवानगी नाही’ अशी सूचना येते, खाली ‘कंटिन्यू’ असतं, ते दाबलं की दार उघडतं आणि त्या खात्यासाठी ते पुढेही उघडंच राहतं. डिस्क एनक्रिप्ट केलेली नसेल, तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून पासवर्डशिवाय सगळं वाचता येतं. वेगळं खातं काढल्याने कामाला ठेवलेल्या मुलापासून, सहकाऱ्यापासून, घरातल्या धाकट्यापासून आडोसा मिळतो. मालकापासून मिळत नाही. दुकानाच्या संगणकावर आपल्या खात्यात स्वतःचं काही ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

लिनक्सवर भिंती आपोआप भक्कम असतात असं मानणाऱ्यांसाठी: उबुंटूमध्ये एका खात्याचा होम फोल्डर दुसऱ्या खात्याला वाचता येत होता. हे २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपासून बंद झालं. लिनक्स मिंटमध्ये पाहुण्यासाठी ‘गेस्ट सेशन’ चालू करता येतं; लॉगआउट केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. ग्राहक स्वतः बसतो अशा नेट कॅफेसाठी यापेक्षा चांगली सोय नाही. विंडोजचं जुनं गेस्ट खातं विंडोज १० पासून काढून टाकलं आहे. सेवा केंद्राला लिनक्स घेणं अवघड जातं, कारण ठसे घेणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी येतं.

लातूरच्या आडत बाजाराकडे मी मुद्दाम वेगळं पाहतो, कारण तिथे ही गोष्ट थोडीफार रुजलेली दिसते. सोयाबीन आणि तुरीच्या उलाढालीचं हे मोठं केंद्र. एकच मुनीम किंवा हिशेबनीस संध्याकाळी एका दुकानात, रात्री दुसऱ्या दुकानात टॅली भरतो. एका संगणकावर भावाभावांच्या वेगळ्या फर्मांचे हिशेब असतात. टॅलीचा डेटा मुळातच ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये बसतो, म्हणजे विंडोजची वेगळी खाती इथे कामाची नाहीत. पण टॅलीच्या आत स्वतःचं कुलूप आहे. ‘टॅलीव्हॉल्ट’ लावलं की कंपनीचं नावसुद्धा चांदण्यांत दिसतं, आणि पासवर्ड हरवला तर तो परत मिळवायची सोय नाही. त्याच्या जोडीला आतले युजर नेमून, कोणी नोंदी करायच्या आणि कोणी ताळेबंद पाहायचा, हे ठरवता येतं. व्यापाऱ्याला आपला ताळेबंद झाकायची गरज मनापासून वाटते, म्हणून तो हे शिकतो. पीक विम्याचा अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याच्या पासबुकाबद्दल तेवढी कळकळ केंद्रात अजून आलेली नाही, हीच माझी तक्रार आहे.

आता सर्वांत नाजूक जागा: ब्राउझर. क्रोममध्ये वेगळी प्रोफाइल करून अनेकांना सुरक्षित झाल्यासारखं वाटतं. एकाच विंडोज खात्यातल्या दोन प्रोफाइलमध्ये भिंत नाही. वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर क्लिक केलं की दुसऱ्याची प्रोफाइल उघडते. गेस्ट किंवा इनकॉग्निटो विंडो बंद केली की इतिहास आणि लॉगिन पुसले जातात, पण उतरवलेल्या फायली ‘डाउनलोड्स’मध्ये तशाच राहतात. नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात किंवा लातूरच्या ट्यूशन एरियात नीट, जेईई, सीईटीचे फॉर्म भरायला येणाऱ्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही. गावाकडून आलेली मुलगी प्रवेश फेरीचे पर्याय भरते, पासवर्ड तिथेच सेव्ह होतो, हॉल तिकीट आणि गुणपत्रक डाउनलोड्समध्ये राहतं, आणि ती बाहेर पडते. त्यानंतर त्या संगणकावर जो बसेल, त्याच्या हाती तिच्या पर्यायांची यादी, पत्ता, फोटो आणि मोबाइल नंबर असतो. प्रवेशाचा पर्याय बदलला गेला, तर वर्ष जातं. फोटो आणि नंबर चुकीच्या हाती गेला, तर त्या मुलीला काय सोसावं लागतं, हे या दोन शहरांत खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलींच्या आईबापांना वेगळं सांगायला नको.

ई-आधारची पीडीएफ पासवर्डाने बंद असते खरी. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. गावातल्या केंद्रात हे दोन्ही ठाऊक नसलेला माणूस विरळा. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने सूचना काढली होती की, नेट कॅफेच्या सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नका आणि उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. दोन दिवसांत, चुकीचा अर्थ काढला जाऊ शकतो असं म्हणत ती मागे घेतली गेली. माझ्या मते त्या सूचनेतली ही ओळ मागे घेण्यासारखी नव्हती. ती प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावण्यासारखी होती.

कायदा काय म्हणतो? सायबर कॅफेचे नियम एप्रिल २०११ मध्ये आले. ग्राहकाचं ओळखपत्र बघा, त्याची प्रत आणि नोंदवही एक वर्ष जपा, भेटी दिलेल्या संकेतस्थळांची नोंद ठेवा, आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. नियमांचा सगळा रोख गुन्हेगार सापडावा यावर आहे. ग्राहकाने तिथे मागे ठेवलेले कागद पुसण्याची तजवीज त्यात दिसत नाही. उलट ओळखपत्रांच्या प्रतींचा आणखी एक ढीग दुकानात तयार होतो. शिवाय या नियमांच्या डोळ्यांसमोर ग्राहक स्वतः संगणकावर बसतो. आपल्या केंद्रात तो टेबलाच्या पलीकडे उभा असतो आणि पडद्यावर त्याच्या कागदांचं काय होतं, ते त्याला दिसतसुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-सी कलम दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही फसवणुकीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. त्यात एक साधं तत्त्व आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला सांगितलेली नसेल, तर ती पुसायची. ‘स्कॅन’ फोल्डरला हे तत्त्व लावून पाहा.

केंद्रचालकांची बाजूही ऐकायला हवी. चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर दोन खाती एकदम उघडी ठेवली की यंत्र रखडतं. पीक विम्याची मुदत संपत आली की आधीच संकेतस्थळ मंद, त्यात खातं बदलायला दोन-दोन मिनिटं कोण घालवणार? वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ही अडचण खरी आहे. त्यावर व्यवहारी तोड अशी की, गर्दीत खातं माणसागणिक न ठेवता कामागणिक ठेवावं. ग्राहकांच्या कामाचं एक साधं खातं, त्यात वैयक्तिक काहीच नाही, आणि रोज दुकान बंद करताना त्याचे स्कॅन आणि डाउनलोड्स रिकामे. मालकाचे हिशेब, त्याची डिजिटल सही आणि घरचे कागद दुसऱ्या, पासवर्डाच्या खात्यात. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं तिसरं, फक्त काही बसवायचं असेल तेव्हा उघडायचं. रिसायकल बिन रिकामा करायला विसरू नये. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर पुसलेलीही फाइल परत काढता येते, म्हणून संगणक विकताना डिस्क पूर्ण पुसून द्यावी.

घरात हा विषय काढला की एक वाक्य ठरलेलं: ‘घरच्या माणसांपासून काय लपवायचंय?’ सुनेचा तपासणीचा अहवाल, मुलाने भरलेला दुसऱ्या गावच्या नोकरीचा अर्ज, आजोबांच्या मुदत ठेवीच्या पावत्या, मुलीची डायरी, यांत लपवाछपवी कसली? प्रत्येकाला आपलं म्हणणं तयार होईपर्यंत ते आपल्यापाशी ठेवायचा हक्क असतो, आणि ज्याच्या हाती घरातली सत्ता कमी, त्याला त्याची गरज जास्त. घरच्या संगणकावर प्रत्येकाचं साधं खातं काढून देणं हा त्या माणसावर विश्वास असल्याचा पुरावा आहे. मुलांचं खातं साधं ठेवलं, तर खेळाच्या नावाखाली भलतं काही बसवलं जाण्याची भीतीही कमी होते.

जिल्हाधिकारी कार्यालयाकडून सेवा केंद्रांना मान्यता मिळते, दरफलक लावला आहे का हेही पाहिलं जातं. त्या तपासणीत आणखी दोन प्रश्न घालावेत: ग्राहकांच्या कामाचं खातं वेगळं आहे का, आणि कालचे स्कॅन आज संगणकावर आहेत का. यासाठी नवा निधी किंवा नवं यंत्र लागत नाही. नांदेड आणि लातूरच्या प्रशासनाने पुढच्या खरिपाआधी हे करावं, ही कळकळीची विनंती. तोवर वाचकांनी एवढं करावं: केंद्रातून उठण्यापूर्वी आपली फाइल आपल्यासमोर पुसायला सांगावी, रिसायकल बिनसुद्धा उघडून दाखवायला सांगावा. त्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. कागद तुमचा आहे.